फोटोओळीतलं दुसरं नाव

रोमानियन शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रंकूशचा जन्म 1876चा. म्हणजे 2026 हे त्याच्या जन्माचं दीडशेवं वर्ष. आपल्याकडे त्याचं नाव बहुतेक वेळा ब्रांकुसी असं छापतात; त्याच्या मायदेशात ब्रंकूश म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. त्या निमित्तानं पुण्यात एका छोट्या गटानं स्लाइड दाखवत एक व्याख्यान ठेवलं होतं. त्याची पक्ष्यांची शिल्पं झाली, ‘अंतहीन स्तंभ’ हे शिल्प झालं, आणि मधेच पडद्यावर एक छायाचित्र आलं. पॅरिसमधला ब्रंकूशचा स्टुडिओ, आणि त्यात शंकूसारखी टोपी घातलेली, नृत्याच्या पवित्र्यात थबकलेली एक तरुण बाई. खाली ओळ होती, ‘स्टुडिओतील नर्तिका, 1922’. पंधरा सेकंदांत पुढची स्लाइड आली आणि ती बाई गेली. मी पंचवीस वर्षं कथक शिकवते; माझा हात आपोआप वर गेला. नाव काय हिचं? वक्त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं, याबद्दल मला आदरच वाटला. वाद पेटला तो नंतर, चहाच्या वेळी.

दहा मिनिटांत दोन तट पडले. एका चित्रकार काकांचं म्हणणं असं, की नाव शोधून तरी हाती काय लागणार? स्टुडिओ ब्रंकूशचा, पोशाख त्यानंच बेतलेला, संगीत फ्रेंच संगीतकार एरिक सातीचं, कॅमेऱ्यामागचा डोळाही ब्रंकूशचाच. मग तिचं असं उरलं काय? नुसतं उभं राहणं. दुसऱ्या तटावरच्या मुली माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांचा राग खरा होता. बाईला ‘प्रेरणा’ म्हणायचं आणि तिचं काम पुरुषाच्या खात्यावर मांडायचं, ही नेहमीचीच रीत आहे, असं त्या म्हणत होत्या. ब्रंकूशच्या दगडात जी लय दिसते ती या मुलीच्या अंगातूनच उचललेली आहे, इथपर्यंत त्यांची मजल गेली. काकांनी कपाळावर हात मारला, मुली उठून गेल्या, आणि वाद जिथं सुरू व्हायला हवा होता त्याच्या कितीतरी अलीकडे संपला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. त्या छायाचित्राखाली दोन नावं हवीत. छायाचित्र ब्रंकूशचं, नृत्य लिझिका कोद्रेआनूचं; हेच त्या नर्तिकेचं नाव. ब्रंकूशच्या शिल्पांवर तिचा हक्क सांगायची गरज नाही, आणि सांगू गेलं तर तारखा आडव्या येतात. पण त्या दिवशी त्या खोलीत जे नृत्य झालं, त्याची कर्ती ती होती. काका आणि त्या मुली एकमेकांवर ओरडत होते खरे, पण दोघांची समजूत एकच होती: जी वस्तू मागे उरली तिच्यावर ज्याचं नाव, तोच कर्ता. काका म्हणत होते, वस्तू ब्रंकूशची, म्हणून श्रेय त्याचं. मुली म्हणत होत्या, श्रेय तिचं, म्हणून वस्तूत तिचाही वाटा. नृत्य ही स्वतःच एक कृती आहे, तिला कुणाच्या वस्तूचा आधार लागत नाही, हे दोन्हीकडे कुणाला सुचलं नाही.

ती कोण होती हे नीट सांगते, कारण चहाच्या वेळी नेमकं तेवढंच कुणी बोललं नाही. लिझिका 1901 साली बुखारेस्टमध्ये जन्मली. थोरली बहीण इरिना शिल्पकार होती. पॅरिसमध्ये ती शिल्पकार बुर्देलकडे शिकली आणि ब्रंकूशच्या स्टुडिओतही तिनं काम केलं. म्हणजे लिझिका ही बाहेरून आणलेली मॉडेल नव्हती. शिल्पकाराच्या घरातली ती मुलगी, आणि त्या वर्तुळात तिचा वावर बरोबरीचा होता. एंपास रोंसँ नावाच्या बोळातल्या त्या स्टुडिओत 1922 साली ती सातीच्या ‘जिम्नोपेदी’वर नाचली. पुढच्या वर्षी 6 जुलैला पॅरिसच्या तेआत्र मिशेल या नाट्यगृहात कवी त्रिस्तान त्झारानं दादावाद्यांची, म्हणजे रूढ कला उधळून लावू पाहणाऱ्या बंडखोर कलावंतांची, एक संध्याकाळ योजली होती. त्झाराही मूळचा रोमानियाचाच. तिथं चित्रकार सोनिया दलोनेनं बेतलेल्या पोशाखात लिझिकानं नृत्य केलं. 1926च्या ‘ल पती पारिगो’ या फ्रेंच मूकपटात ती पुन्हा दलोनेच्याच पोशाखात नाचताना दिसते, आणि हलत्या चित्रात तिला पाहायची संधी आपल्याला त्यामुळेच मिळते. 1927 साली तिनं जाँ फोंतन्वा या पत्रकाराशी लग्न केलं, त्याच्या नोकरीपायी मॉस्को आणि शांघायला गेली, आणि रंगभूमी सुटली. नंतर पॅरिसमध्ये तिनं हठयोगावर आधारलेल्या व्यायामाचे वर्ग चालवले. 1993 साली, नव्वदी ओलांडून, ती गेली.

आता काकांचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही, कारण त्यात पुष्कळ तथ्य आहे. पोशाख हा नृत्याचा निम्मा निर्णय असतो. घेराच्या कळ्या किती ठेवायच्या यावर माझ्या मुलींच्या गिरक्यांचा वेग ठरतो, आणि शंभर घुंगरू बांधलेला पाय पन्नास घुंगरांच्या पायासारखा उचलता येत नाही. ब्रंकूशनं टोपीपासून पायापर्यंत पोशाख बेतला असेल, तर ती काय करू शकेल आणि काय नाही यातला मोठा भाग त्यानं ठरवला, हे मान्य. छायाचित्राची चौकटही त्याचीच. आपल्या शिल्पांचे फोटो दुसऱ्यानं काढलेले त्याला पटत नसत. छायाचित्रकार मॅन रेच्या मदतीनं त्यानं कॅमेरा घेतला, स्टुडिओतच डार्करूम केली आणि स्वतः फोटो काढू लागला. असा माणूस नर्तिकेचा फोटो काढताना तिला हवं तसं वावरू देईल, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. दोन फोटोंच्या मधे ती काय करत होती, ते तर कायमचं गेलं. हे सगळं काकांच्या पारड्यात घातलं, तरी एक गोष्ट उरतेच. बंधन ज्यानं घातलं त्याचं नाव पोशाखावर येईल. त्या बंधनातून वाट ज्यानं काढली त्याचं नाव कुठं येणार? आणि ‘संगीत सातीचं’ असं म्हणणाऱ्यांनी ते संगीत एकदा ऐकावं. 1888 सालच्या त्या तीन छोट्या रचना, तीन मात्रांच्या, कमालीच्या संथ. नावात प्राचीन स्पार्टातल्या नृत्योत्सवाचा निर्देश आहे, पण पाऊल कसं टाकायचं हे सातीनं कुठंही लिहिलेलं नाही. द्रुत लयीत बोल नाचणाऱ्याला ओढून नेतात. इतक्या विलंबितात दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेत शरीराचं काय करायचं, हा प्रश्न नाचणाऱ्यालाच सोडवावा लागतो. तो प्रश्न सोडवणं म्हणजेच नृत्यरचना.

दुसरं उदाहरण घेऊ. 29 मे 1913 रोजी पॅरिसमध्ये ‘राइट ऑफ स्प्रिंग’ हे बॅले पहिल्यांदा झालं. संगीत स्ट्राविन्स्कीचं, पोशाख आणि नेपथ्य रोरिकचं, नृत्यरचना निजिन्स्कीची. मोजके प्रयोग झाले आणि ती नृत्यरचना रंगमंचावरून नाहीशी झाली. संगीत उरलं, पोशाख उरले, नृत्य गेलं. काकांचा नियम लावला तर निजिन्स्कीकडे उरतं काय? तरीही गेल्या शंभर वर्षांत त्याला कुणी स्ट्राविन्स्कीचा मॉडेल म्हटलेलं नाही. उलट मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी वर्षानुवर्षं खपून स्वरलिपीच्या कडेला केलेल्या नोंदी, प्रेक्षागृहात बसून काढलेली रेखाटनं, वर्तमानपत्रांतली परीक्षणं असा सगळा चिंध्यांचा ढीग जमवला आणि 1987 साली जॉफ्री बॅले या अमेरिकन कंपनीनं ते नृत्य पुन्हा उभं केलं. इथं कुणी म्हणेल, निजिन्स्कीच्या मागे दियागिलेवची बॅले कंपनी होती, साक्षीदार शेकड्यांनी होते. लिझिकाच्या मागे कोण होतं? बरोबर आहे. तिचं नृत्य तसं पुन्हा उभं करता येणार नाही, आणि केल्याचा दावा कुणी केलाच तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पण पुरावा कमी असणं आणि कर्तृत्व नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरावा कमी पडतो तेव्हा आपण एवढंच म्हणू शकतो की ते नृत्य कसं होतं हे सांगता येत नाही. ते कुणाचं होतं, हे मात्र सांगता येतं.

‘वस्तू ज्याची तो कर्ता’ ही समजूत काही काकांची एकट्याची नाही. तिला कायद्याचं पाठबळ आहे. लोई फुलर ही अमेरिकन नर्तिका. रेशमाच्या प्रचंड घेरातून आणि रंगीत उजेडातून तिनं जे नृत्य घडवलं त्याची नक्कल दुसऱ्या नर्तिकेनं सुरू केली, तेव्हा ती न्यूयॉर्कमध्ये कोर्टात गेली. 1892 साली निकाल लागला तो तिच्या विरुद्ध: नृत्यात गोष्ट नाही, पात्रं नाहीत, नुसत्या देखण्या हालचाली आहेत, आणि हालचालींना कॉपीराइट नसतो. 1908 साली बर्लिनमध्ये बर्न कराराची, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराची, सुधारणा झाली तेव्हा नृत्यरचनेला जागा मिळाली, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली असेल तरच. आपला 1957चा कॉपीराइट कायदाही तेच म्हणतो; नृत्यरचना नाट्यकृतीत धरली आहे, पण लिखित किंवा अन्य स्वरूपात बांधलेली असण्याची अट आहेच. म्हणजे मी आज वर्गात एखादी गत बसवली, लिहिली नाही, चित्रित केली नाही, तर तिचा कॉपीराइट माझ्या हातात नाही. मागच्या बाकावर बसून कुणी तिचं चित्रीकरण केलं तर त्या चित्रफितीला मात्र मालक आहे. कायद्याची अडचण मला समजते. न्यायाधीशाला हातात धरता येईल असं काहीतरी लागतं, नाहीतर उद्या कुणीही उठून म्हणेल की ही गिरकी माझी. पण कोर्टाची सोय हा इतिहासाचा निकष कधीपासून झाला? इतिहास लिहिताना आपल्याला कुणाला रॉयल्टी द्यायची नसते.

आणि इतिहास सगळीकडे वस्तू मागतो असंही नाही. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथंच आहे. ब्रंकूशचं एक काम आपल्या फार जवळचं आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी त्याच्याकडून ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतली तीन शिल्पं घेतली होती, एक ब्राँझचं आणि दोन संगमरवरी, एक काळं, एक पांढरं. कागलच्या घाटगे घराण्यातल्या महाराणी संयोगितादेवी 1937 साली अगदी तरुण वयात वारल्या. इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं, आत पाण्याचा हौद आणि हे पक्षी ठेवायचे, अशी कल्पना होती. ब्रंकूश 1937च्या अखेरीस त्यासाठी खास इंदूरला आला. मंदिर झालं नाही. पायाही पडला नाही. त्या दोन संगमरवरी पक्ष्यांचा मुक्काम आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तरी या न झालेल्या मंदिरावर किती लिहिलं गेलंय! त्याचा आराखडा, त्यात उजेड कुठून आला असता, पाण्यात पक्ष्याचं प्रतिबिंब कसं पडलं असतं. मलाही ते वाचायला आवडतं. आपल्या मराठी राजघराण्याचा त्यात संबंध आहे म्हणून जास्तच आवडतं. पण जे मंदिर कधी उभंच राहिलं नाही ते ब्रंकूशचं महत्त्वाचं काम म्हणून मोजलं जातं, आणि जे नृत्य त्याच्या डोळ्यांदेखत प्रत्यक्ष झालं, ज्याचे फोटो त्यानं स्वतः काढून ठेवले, ते मात्र ‘काय उरलं’ म्हणून बाजूला सारलं जातं. ही कुठली तराजू?

तेआत्र मिशेलमधल्या त्या संध्याकाळीचंही तेच झालं. ती कलेतिहासात प्रसिद्ध आहे, पण कशासाठी? कवी आंद्रे ब्रेताँ रंगमंचावर चढला, त्यानं काठीनं तिथं बोलत असलेल्या पिएर द मासोचा हात मोडला, त्झारानं पोलीस बोलावले, मित्रांची तोंडं कायमची फिरली. दादावाद संपला तो त्या रात्री, असं सांगतात. दलोनेच्या पोशाखांत कडक पुठ्ठा होता, त्यामुळे नटांना मार चुकवायलाही हलता येईना, हाही तपशील रंगवून सांगितला जातो. हा सगळा इतिहास मारामारीचा आहे. त्याच कार्यक्रमात एक बाई नाचली हे तळटिपेत येतं. मोडलेला हातसुद्धा काही महिन्यांत बरा झाला असेल. तोही काही वस्तू म्हणून संग्रहालयात ठेवलेला नाही. मग तो आठवणीत कसा राहिला? कुणीतरी लिहावंसं वाटून लिहिला म्हणून.

आता त्या मुलींचा मुद्दा, आणि इथं मला माझ्याच बाजूच्या माणसांशी भांडावं लागणार आहे. त्यांच्या रागाशी माझं भांडण नाही. ‘प्रेरणा’ हा शब्द मीही फार ऐकलाय, आणि जिच्याबद्दल वापरला तिचं नाव पुढे हरवलेलं पाहिलंय. पण ब्रंकूशच्या शिल्पांची लय लिझिकाकडून आली, हे खरं नाही. ‘मायास्त्रा’ या पक्ष्यापासून त्याची पक्ष्यांची मालिका 1910च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा लिझिका बुखारेस्टमध्ये नऊ-दहा वर्षांची होती. अंतहीन स्तंभाचं पहिलं लाकडी रूप 1918चं. 1922 साली ती स्टुडिओत नाचली तेव्हा त्या शिल्पांचा मार्ग कधीच ठरला होता. दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय बाईला देऊन न्याय होत नाही. पहिल्यांदा कुणी तारखा तपासल्या की सगळाच दावा कोसळतो, आणि मग तिचं जे खरोखर होतं त्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत. शिवाय या मांडणीत एक खोल गफलत आहे. लिझिका महत्त्वाची का? तर तिच्यामुळे ब्रंकूशची शिल्पं झाली म्हणून. म्हणजे मोजमाप पुन्हा त्याच्याच शिल्पांचं! जिला तुम्ही त्याच्या सावलीतून बाहेर काढायला निघालात, तिला तुम्ही त्याच्या पायथ्याशी नेऊन बसवलंत.

असं करण्याची गरज वाटते, कारण तिची कारकीर्द आखूड आहे आणि आखूड कारकिर्दीची आपल्याला लाज वाटते. पाच-सहा वर्षं, मग लग्न, मग शांतता. काकाही म्हणालेच, की खरी कलावंत असती तर थांबली नसती. पण हा नियम बाकीच्यांना लावतो का आपण? फ्रेंच कवी आर्त्यूर रँबोनं विशीत कविता सोडली आणि पुढे आफ्रिकेत व्यापार केला. त्याच्या त्या थांबण्याभोवतीच दंतकथा रचल्या गेल्या. निजिन्स्की 1917 नंतर रंगभूमीवर नाचला नाही, म्हणजे जगासमोरची त्याची उणीपुरी दहा वर्षं. पुरुष थांबला की ते गूढ असतं. बाई थांबली की ती संसारात पडली, विषय संपला. लिझिकाचं थांबणं स्वतःच्या मनानं होतं की परिस्थितीनं, यावर मी काही बोलणार नाही. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर मॉस्को-शांघाय करणाऱ्या बाईला नृत्याचा गट कुठं मिळणार, रियाजाला जागा कुठली, वाद्यं कुणाची, हे मात्र कुणाही नाचणारीला सांगावं लागणार नाही. माझ्या ओळखीतल्या किती जणींचं कथक बदलीच्या ऑर्डरीनं बंद पडलं, त्याची गणती करायला बसले तर हा लेख पुरायचा नाही.

तिच्या बाजूनं लिहिणारे अनेकदा फोंतन्वाबद्दल घाईनं बोलतात, किंवा बोलतच नाहीत. तेही मला पटत नाही. हा माणूस पुढे फ्रान्समधल्या फॅसिस्ट चळवळीत गेला, नाझींचा सहकारी झाला आणि 1945 साली बर्लिनमध्ये मेला. तोवर त्यानं दुसरं लग्न केलेलं होतं. त्याची दुसरी बायको, मादलेन शार्नो, नामांकित वैमानिक होती. लिझिकाचं आयुष्य सांगताना ही गोष्ट वगळली तर ते आयुष्य अर्धवट राहतं, आणि ती गोष्ट तिच्यावर डाग म्हणून लावली तर तो अन्याय होतो. 1922 सालचं नृत्य 1940 सालच्या घटस्फोटित नवऱ्याच्या कृत्यांवरून तपासायचं नसतं. पण ज्या बाईच्या नावाभोवती आपण आरती ओवाळणार, तिची पाटी कोरी असावी असा हट्ट धरला की शेवटी खोटं लिहावं लागतं. तिच्या नृत्याचं श्रेय तिला मिळायला ती संत असायची गरज नाही.

आणि त्या योगवर्गांबद्दल. ‘शेवटी बिचारी व्यायाम शिकवत राहिली’ असं एक वाक्य त्या दिवशी कानावर पडलं आणि मला खोलवर लागलं. शिकवण्याला बिचारेपण कुठून चिकटलं? ज्या शरीरानं विसाव्या वर्षी कडक पोशाखात, संथ सुरात तोल सांभाळला, त्यानं पुढे श्वास आणि तोल दुसऱ्यांना शिकवला, यात मला तर एक सरळ रेघ दिसते. आपल्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढून हठयोगाला प्रयोगशाळेत आणलं, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच हठयोगावर पॅरिसमध्ये एका रोमानियन बाईनं पोट भरलं, तर ती घसरण कशी होते?

हा प्रश्न रोमानियाचा नि फ्रान्सचा म्हणून सोडून द्यावा, असंही मला वाटत नाही. पेशवाईतल्या शाहिरांची नावं आपल्यापर्यंत कशी आली? लावणीच्या शेवटच्या चरणात त्यांनी आपली नाममुद्रा गुंफली म्हणून. होनाजी बाळा, राम जोशी ही नावं ओळीतच शिवलेली आहेत. ती लावणी ज्यांनी अदा केली त्यांना नाव गुंफायला चरण कुठं होता? बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हापुन्हा गायची आणि दर वेळी डोळ्यातून, मानेतून, बोटाच्या टोकातून तिचा नवा अर्थ काढायचा, ही निर्मिती कुणाची? यमुनाबाई वाईकरांना पाहिलेल्या कुणालाही विचारा, तो शाहिराचं नाव सांगणार नाही. यमुनाबाईंना त्यांच्या हयातीत मान मिळाला, पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधीच्या किती पिढ्या ‘नाचणारी’ एवढ्याच ओळीखाली गेल्या. ‘स्टुडिओतील नर्तिका’ ही ओळ वाचून माझा हात वर गेला तो उगाच नाही.

रोमानियाची गोष्ट मात्र वेगळी सावधगिरी शिकवते. 1951 साली ब्रंकूश आपला स्टुडिओ मायदेशाला द्यायला तयार होता, आणि तिथल्या कम्युनिस्ट राजवटीतल्या अकादमीनं तो नाकारला. शेवटी त्यानं तो फ्रान्सला दिला. त्याच देशात 2016 साली त्याचं ‘पृथ्वीचं शहाणपण’ हे एक शिल्प विकत घ्यायला लोकवर्गणी काढली गेली, किंमत एक कोटी दहा लाख युरो, आणि रक्कम जमली नाही. तिरगू जिऊ या रोमानियातल्या शहरातला त्याचा शिल्पसमूह 2024 साली जागतिक वारसा झाला. देश आपल्या कलावंताला आधी नाकारतो आणि मग त्याच्यावर मालकी सांगतो, हे सगळीकडेच होतं. लिझिकाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, कारण विकत घ्यायला काही नव्हतंच. त्यामुळे तिच्याबाबतीत खर्चही फार नाही. ना लिलाव, ना वर्गणी. चित्राखाली एक नाव छापायचं, एवढंच मागणं आहे. शाई सोडली तर काही लागत नाही. ते व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी नाव लिहून पाठवलं. पुढच्या वेळी ते स्लाइड बदलतील अशी मला खात्री आहे.

ते छायाचित्र मी त्या आठवड्यात वर्गात नेलं. मोठ्या मुलींना म्हटलं, हिच्यासारख्या उभ्या राहा, विलंबित तीनतालाची दोन आवर्तनं. पहिल्या आवर्तनात सगळ्या हसत होत्या. दुसऱ्यात हसू गेलं, दोघींचा तोल सुटला, एकीनं कंबर धरली. थबकणं म्हणजे काही न करणं, असं त्यांना वाटत होतं. सगळ्यात थोरली होती ती हलली नाही, फोटोकडे बघत राहिली आणि सोळाव्या मात्रेला म्हणाली, “ताई, ही इथून पुढे कुठे गेली असेल?” मी हातावरचा ताल तसाच चालू ठेवला. “ज्या पायावर भार आहे,” म्हटलं, “तो सोडून बघ.”